एका बंदुकीची पाठचिकित्सा

मागच्या पावसाळ्यात थोरले काका वारले आणि त्यांच्यामागे कागदपत्रांची जी निरवानिरव सुरू झाली, तीत सातबारा, पासबुके आणि विम्याच्या पावत्या यांच्या जोडीने एक बंदूकही निघाली. 'निघाली' म्हणणे तसे बरोबर नाही. ती होतीच. वर्षभर माजघरातल्या लोखंडी कपाटात असे, खंडेनवमीला पाटावर येई, हळदकुंकू आणि झेंडूचे फूल घेई आणि परत कपाटात जाई. निवडणुका आल्या की काका ती पोत्यात गुंडाळून पोलीस ठाण्यात जमा करून येत आणि निकालानंतर सोडवून आणत. पण परवानाधारक गेला की त्याच्या नावावरचे हत्यार घरात ठेवता येत नाही. ते ठाण्यात किंवा परवाना असलेल्या विक्रेत्याकडे जमा करावे लागते आणि वारसांनी अर्ज करावा लागतो. या कागदी कामात 'शस्त्राचे वर्णन' असा एक रकाना होता. घरात शिकलेले म्हणून तो भरण्याचे काम आमच्याकडे आले.

आम्ही दोघे नवराबायको, दोघेही मराठीचे एम. ए., दोघेही महाविद्यालयांत शिकवतो. वर्णन हा आमच्या अभ्यासक्रमातला विषय. त्यामुळे या रकान्याची आम्हांला मुळीच भीती वाटली नाही. शिवाय बंदुकीची हकिकत घरात सगळ्यांना पाठ होती. पणजोबा पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीतून मेसोपोटेमियात गेले, कुतच्या वेढ्यात सापडले, कैदेत खितपत पडले आणि परतताना ही रायफल घेऊन आले, ही ती हकिकत. लग्नानंतर पहिल्या खंडेनवमीला आमच्यातल्या सूनबाईंनी ती सासूबाईंकडून ऐकली, आणि पुढे आमच्या मुलीने तीच बालवाडीत सांगितली.

विक्रेत्याचे दुकान शहराच्या जुन्या पेठेत होते. दुकानात गिऱ्हाईक नव्हते आणि गृहस्थ निवांत होते. आम्ही हकिकत सांगू लागलो, तर त्यांनी हात वर करून थांबवले. "गोष्ट नंतर. आधी बंदूक काय म्हणते ते बघू." हस्तलिखितांच्या अभ्यासावर बोलताना हेच वाक्य आम्ही वर्गात निरनिराळ्या शब्दांत कितीतरी वेळा उच्चारले आहे. ते आपल्यालाच ऐकावे लागेल असे मात्र कधी वाटले नव्हते.

लाकडी दस्ता जिथे लोखंडी भागात बसतो, तिथे एक जाड लोखंडी मान असते. जुन्या लष्करी ली-एनफिल्ड बंदुकीची जन्मपत्रिका या मानेच्या उजव्या बाजूवर कोरलेली असते. त्यांनी तेलाच्या फडक्याने ती पुसली. मुकुट दिसला. त्याखाली जी. आर. आय. ही अक्षरे, म्हणजे जॉर्ज, राजा आणि सम्राट. त्याखाली ईशापूर. त्याखाली १९१८. आणि सर्वांत खाली 'शॉर्ट' आणि 'ली-एनफिल्ड' यांची संक्षिप्त अक्षरे, पुढे रोमन तीन. या नावातला 'ली' म्हणजे जेम्स पॅरिस ली. स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या आणि कॅनडात वाढलेल्या या गृहस्थाने बोल्टची आणि खालून बसणाऱ्या मॅगझीनची रचना केली. 'एनफिल्ड' म्हणजे इंग्लंडमधला सरकारी शस्त्रकारखाना, जिथे नळीच्या आतले पाच आटे ठरले. ईशापूरचा कारखाना मात्र आपल्याकडचा, कलकत्त्याच्या उत्तरेला हुगळीच्या काठी. १९०७ साली मंजूर झालेला हा तिसरा नमुना तिथेही बनू लागला. दहा काडतुसांचे मॅगझीन, सुमारे चार किलो वजन, .३०३ इंचाची नळी. आपल्याकडे सर्वतोमुखी झालेली 'थ्री नॉट थ्री' ती हीच. उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी तिला समारंभपूर्वक निरोप दिला तो २०२० च्या प्रजासत्ताकदिनी. एखाद्या पाठ्यपुस्तकाला एवढे आयुष्य लाभलेले आम्हांला आठवत नाही.

मुकुट आणि १९१८ पाहून आम्ही हरखलो. महायुद्धाचेच वर्ष! हकिकतीला लोखंडात कोरलेला पुरावा मिळाला होता. दुकानाच्या पायऱ्या उतरून चहा घेताना मात्र आम्हांला हिशेब सुचला. कुतची शरणागती २९ एप्रिल १९१६ ची. सहाव्या पुणे डिव्हिजनमधल्या मराठा पलटणी त्या दिवशी तुर्कांच्या कैदेत गेल्या. शरण जाण्यापूर्वी त्यांनी आपल्या तोफाही फोडून टाकल्या होत्या. तिथे वेढ्यात सापडलेल्या माणसाच्या हाती १९१८ साली बंगालात बनलेली बंदूक कशी येणार? आणि तुरुंगातून सुटून येणारा कैदी खांद्यावर रायफल घेऊन येतो, हे आम्ही इतकी वर्षे न अडखळता कसे ऐकले? यावर आम्ही काय केले ते सांगायला संकोच वाटतो, तरी सांगतो. आम्ही ताबडतोब हकिकत वाचवायला लागलो. "कैदेतून सुटल्यावर पलटणीत पुन्हा रुजू झाले असतील, तेव्हा मिळाली असेल." "निवृत्त होताना बक्षीस दिली असेल." सरकारी रायफल शिपायाला कोणी बक्षीस देत नाही, हे आम्हांला चहा संपण्याआधीही ठाऊक होते. विसंगत पाठ समोर आला की त्याला पोटात घेण्यासाठी नवा मजकूर रचायचा, ही खोड पोथ्या उतरवून काढणाऱ्यांची म्हणून आम्ही विद्यार्थ्यांना शिकवतो.

परत दुकानात गेलो तेव्हा गृहस्थांनी बोल्ट काढून बाजूला ठेवला होता. नळीच्या मागच्या बाजूला पांढरा कागद धरून ते म्हणाले, "तोंडाकडून बघा." आम्ही आळीपाळीने पाहिले. आत स्वच्छ, गुळगुळीत, चकाकणारा बोगदा दिसला. "आटे दिसतात?" दिसत नव्हते. "मग ही रायफल नाही."

आटे म्हणजे नळीच्या आत कोरलेल्या, मळसूत्रासारख्या वळत जाणाऱ्या पन्हाळी. गोळी त्यांत रुतून फिरत बाहेर पडते, म्हणून सरळ आणि दूर जाते. इंग्रजीतले रायफल हे नाव या कोरीव कामावरूनच पडले. आटे गेले की उरते ती साधी नळी, आणि तशा बंदुकीचे जुने नाव मस्कट. त्यांनी मग मॅगझीनकडे बोट दाखवले. आत कमानीऐवजी लाकडाचा ठोकळा बसवलेला होता. म्हणजे दहा काडतुसे नाहीत. एक घालायचे, झाडायचे, रिकामे काढायचे आणि दुसरे घालायचे. मानेच्या डाव्या बाजूला दुसऱ्या हाताने, वेगळ्या ठशांत, .४१० आणि मस्कट अशी अक्षरे होती. आम्ही ती इतका वेळ खरवड समजत होतो.

ही लष्करातून काढलेली .३०३ रायफल होती आणि तिची .४१० बोअरची एकबारी मस्कट केलेली होती. हे काम ईशापुरातच होई. त्यामागचा हिशेब साधा आणि हुशारीचा होता. .४१० मस्कटचे काडतूस म्हणजे .३०३ चेच पितळी कवच, फक्त त्याची मान आवळलेली नाही, ते सरळ ठेवलेले. बूड तेच राहिल्यामुळे बोल्ट बदलावा लागत नाही. नळी आणि मॅगझीन तेवढे बदलायचे. अशा बंदुका पोलिसांना आणि तुरुंगाच्या पहारेकऱ्यांना देत. जवळच्या जमावावर चालेल, पण दूरवर नेम धरता येणार नाही. एक बार होईल, पण दहा होणार नाहीत. हिसकावली गेली तरी हिसकावणाऱ्याला फारशी कामाची नाही. देणाऱ्याचा घेणाऱ्यावर आणि समोरच्यावर किती विश्वास होता, त्याचे माप त्या नळीत होते.

इथे आम्हांला १८५७ आठवल्याशिवाय राहिले नाही. चरबी लावलेल्या काडतुसांची कथा शाळेपासून सर्वांना माहीत आहे. ती काडतुसे ज्या बंदुकीची होती तिचेही नाव एनफिल्डच, १८५३ चा नमुना, आट्यांची नळी. बंड मोडल्यावर सरकारने हिंदी शिपायांच्या हाती दिलेल्या १८५८ च्या नमुन्यात नळीतले आटे काढून टाकले होते. बाहेरून तीच एनफिल्ड, आतून गुळगुळीत. पुढे १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने बिनलष्करी लोकांना परवान्याच्या कक्षेत आणले आणि युरोपियनांना त्यातून वगळले. ईशापूरच्या .४१० मस्कटमध्ये हेच धोरण नव्या यंत्रावर पुन्हा कोरले गेले. पुन्हा कोरले म्हणण्यापेक्षा पुसले गेले म्हणणे अधिक योग्य.

मराठी वाचकाला इथे आणखी एक आठवण व्हावी. विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' चिंतामण विनायक वैद्यांनी १९०७ साली छापला तो मूळ हस्तलिखितावर संस्कार करून, भाषा आणि मजकूर दोन्ही बदलून. मुळाबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली प्रसिद्ध केला. मधली सहा दशके वाचकांनी वैद्यांचे गोडसे भटजी वाचले. आता मूळ पाठ हाती आल्यावर वैद्यांची प्रत टाकून द्यायची का? आम्ही दरवर्षी हा प्रश्न विचारतो आणि दरवर्षी चांगले विद्यार्थी 'नाही' म्हणतात, कारण १९०७ साली १८५७ विषयी काय छापता येत होते आणि काय छापवत नव्हते, ते वैद्यांच्या प्रतीतच कळते. बदललेली प्रत हा मुळाचा वाईट पुरावा असेल, पण बदलाचा तोच एकमेव पुरावा असतो. जुन्या बंदुका पारखणाऱ्यांचे शास्त्रही जवळजवळ याच तत्त्वावर उभे आहे, हे त्या दुपारी आम्हांला नव्याने कळले. कारखान्यात, ठसा मारून, कारणासाठी केलेला बदल त्यांच्या लेखी दस्तऐवज असतो. घरी, हौसेने केलेला बदल म्हणजे नासाडी.

नासाडीही आमच्या बंदुकीत होती. या नमुन्याचे लाकूड थेट नळीच्या तोंडापर्यंत जाते आणि पुढे एक बसकी लोखंडी टोपी असते. नाकपुडीसारखी दिसणारी ही टोपी हीच तिची ओळख. आमच्या बंदुकीचे लाकूड अर्ध्यावर करवतीने कापलेले, टोपी गायब, नळीचा पुढला भाग उघडा. कापलेल्या टोकाला फ्रेंच पॉलिश. "शिकारी दिसावी म्हणून हौशीने कापली," गृहस्थ म्हणाले आणि त्यांच्या आवाजात प्रथमच दुःख उमटले. बोल्टवरचा क्रमांक आणि मानेवरचा क्रमांकही जुळत नव्हता. याचा अर्थ बोल्ट दुसऱ्याच बंदुकीचा. तसे असले की बोल्ट आणि काडतुसाचे बूड यांमधली फट मापकाने मोजल्याशिवाय ती झाडणे धोक्याचे. फट जास्त असेल तर कवच मागच्या बाजूने फाटते आणि समोरच्यापेक्षा झाडणाऱ्यालाच इजा व्हायची भीती. त्यांनी मोजायचीही तसदी घेतली नाही. या काडतुसाची बंदूक आता कोण झाडणार?

किमतीचे बोलणे दोन मिनिटांत आटोपले. परवाना असलेल्यालाच विकता येते. परवाना असलेल्याला काडतूस मिळेल अशी बंदूक हवी असते. संग्राहकाला न कापलेली हवी असते. थ्री नॉट थ्री खाजगी माणसाला मिळतच नाही, लष्करी बोअर म्हणून ती निषिद्ध आहे. नागरिकांसाठी ईशापूरनेच याच ली-एनफिल्डच्या धर्तीवर .३१५ ची रायफल बनवली. ती असती तर चार पैसे आले असते. आमच्या मस्कटचा त्यांनी सांगितलेला भाव बऱ्यापैकी दोन शेळ्यांचा होता. तिला सरकारजमा करावे, हा सल्ला मात्र त्यांनी फुकट दिला.

गावी येऊन आम्ही धाकट्या काकांना, म्हणजे नानांना, सगळे सांगितले. नाना अठ्ठ्याहत्तरचे. ओसरीवर पाय सोडून बसले होते. लाकूड हौसेने कापल्याचे ऐकून ते उसळलेच. "हौस कसली? वाळवी लागल्ती. निम्मं लाकूड भुसा झाल्तं. गावच्या सुताराला बोलवून चांगलं तेवढं राखलं." म्हणजे ज्याला आम्ही आणि त्या जाणकारांनी अरसिक म्हणून नावे ठेवली, त्या सुताराने खरे तर उरलेली प्रत वाचवली होती. फ्रेंच पॉलिश ही त्याची पदरची भर.

मग आम्ही मुख्य गोष्टीवर आलो. बंदूक कुतची नाही, पणजोबांची नाही, ती मस्कट आहे, असे जरा अपराधी सुरात सांगितले. नानांना काहीच वाटले नाही. ते आत गेले आणि परवान्याची जुनी वही घेऊन आले. पहिले पान १९५३ चे, शिक्का 'उत्तर सातारा' जिल्ह्याचा. हा जिल्हा त्या नावाने १९४९ ते १९६० एवढाच नांदला. नाव आबांचे, म्हणजे आजोबांचे. शस्त्र: मस्कट, .४१०. धंदा: शेती, आणि त्यापुढे शाईने लिहिलेले 'निवृत्त तुरुंगरक्षक'.

"आबा तुरुंगात होते?" आमच्यातल्या सूनबाईंनी विचारले, आणि प्रश्न कसा ऐकू येतो ते लक्षात येऊन थांबल्या.

"पहाऱ्यावर व्हते," नाना म्हणाले. "पंधरा-सोळा वरसं. अशीच बंदूक असायची त्यांच्याकडं. सवय हुती, म्हणून घरी रानडुकरांसाठी तसलीच घेतली."

"मग कुतची म्हणून कोणी सांगितलं?"

नानांनी आमच्यातल्या दुसऱ्याकडे, त्यांच्या पुतण्याकडे, पाहिले. "तूच की. नववीत निबंध लिवलास. 'आमच्या घरातील जुनी वस्तू.' तालुक्यात पयला नंबर आला. मास्तरांनी वाचून दाखवला, मग समद्या गावानं तेच धरलं. थोरल्याला बी बरं वाटलं. कोन कशाला मोडतंय?"

आम्ही दोघेही बराच वेळ गप्प होतो. आठवू लागले तसे आठवले. बक्षीस म्हणून मिळालेला कंपास आठवला. पणजोबांचे कुत खरे होते. त्यांना एक चांदीचे पदक मिळाले होते, त्याच्या कडेवर नाव आणि पलटण कोरलेली होती. ते आत्याच्या लग्नात आटवून पैंजण केले, हे घरात सगळ्यांना ठाऊक होते आणि त्याचा निबंध होत नव्हता. बंदूक खरी होती. दोन खऱ्या गोष्टी जोडायला एक वाक्य पुरले. प्रक्षेप कोणी घुसवला याचा शोध घेत आम्ही शंभर वर्षे मागे गेलो होतो आणि प्रक्षेपकार शेजारीच बसून नोंदी घेत होता. या लेखातले 'आम्ही' त्या वाक्यापुरते एकवचनी आहे, हे कबूल केले पाहिजे. पण पुढची पंधरा वर्षे ते वाक्य दोघांनीही सांगितले आहे, तेव्हा पुन्हा अनेकवचनच बरे.

त्या निबंधाने झाकले काय, हे मात्र नानांनी वही मिटेपर्यंत आमच्या लक्षात आले नव्हते. आबांची पहाऱ्यावरची वर्षे म्हणजे १९४२ ची आणि त्यानंतरचीही. आमचा जिल्हा त्या वेळी काय होता ते इथे सांगायला नको. वडूजच्या कचेरीवर निघालेला मोर्चा, तिथला गोळीबार, मग प्रतिसरकार. गावोगावची माणसे धरून तुरुंगांत नेली जात होती आणि आमच्या गावचा एक माणूस गुळगुळीत नळीची एकबारी बंदूक घेऊन दाराच्या बाहेरच्या बाजूला उभा होता. नव्या राज्यात निवृत्त होऊन तो गावी आला, त्याने शेती केली, पोरे शिकवली, आणि त्या वर्षांबद्दल एक अक्षर काढले नाही. गावानेही विचारले नाही. पुढे नातवाने मेसोपोटेमियाची गोष्ट आणून दिली तेव्हा घराला केवढा सुटकारा वाटला असेल!

"आबांनी कधी झाडली का, तिकडं असताना?" आम्ही विचारले.

"त्ये कुनी इचारलं न्हाई," नाना म्हणाले आणि पंचाने पाय पुसू लागले.

बंदूक सरकारजमा करायची की वारसाहक्काने ठेवायची, यावर घरात अजून एकमत नाही. नानांना रानडुकरांचे कारण दाखवून ती ठेवायची आहे, जरी काडतूस मिळणार नाही हे त्यांनाही माहीत आहे. आमच्या मुलीला ती नको आहे. आमचे मत दर आठवड्याला बदलते. मात्र अर्ज देणे भाग होते. आम्ही रकाना भरला: मस्कट, एकनळी, एकबारी, बोअर .४१०, नळी गुळगुळीत, मूळ.३०३ रायफल, ईशापूर १९१८, नंतर रूपांतरित. बोल्टचा क्रमांक वेगळा. पुढील लाकूड वाळवीमुळे कापलेले. शेवटच्या तीन शब्दांवर आम्ही दोघांनी थोडा वाद घातला आणि ते ठेवले. खिडकीतल्या कारकुनाने वाचून विचारले, एवढे कशाला, नुसते 'मस्कट' पुरे. त्यांनी रेघ मारून बाकीचे खोडले आणि बाजूला आमची सही घेतली.